विहिरीची झडप आणि आपली जबाबदारी



गळीत हंगाम संपला की कारखान्यातली यंत्रे उघडली जातात. मिलचे रोलर, पंप, पॅन उघडतात, तशीच बॉयलरला पाणी देणाऱ्या लाईनवरची नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडपही उघडते. फीड पंप थांबला तरी बॉयलरचे पाणी मागे फिरू नये, एवढेच तिचे काम. पण ती साफ करून पुन्हा बसविल्याशिवाय बॉयलर पेटवू नये, ही शिस्त आहे. तिथे कुणी हयगय केली, तर वार्षिक सभेत आपणच संचालकांना धारेवर धरू, आणि ते रास्तच होईल.

आता आमचा एक प्रश्न आहे. आपल्या विहिरीवरची अशीच झडप आपण शेवटची कधी उघडली? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "चालतंय की, कशाला हात लावायचा?"

विहिरीवर अशा झडपा दोन. एक सक्शन पाइपाच्या तळाशी, म्हणजे फूट व्हॉल्व्ह. आपण तिला सरसकट 'फुटबॉल' म्हणतो. दुसरी पंपाच्या पुढे डिलिव्हरी लाईनवर, रिफ्लेक्स व्हॉल्व्ह किंवा एनआरव्ही. फुटबॉल गळू लागला की आपला उपाय एकच, पंपात शेणकाला ओतायचा. शेण झडपेच्या फटीत बसते, पंप पाणी ओढतो, तेवढा दिवस निभावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलेभर शेण! ऑटो स्विच असेल तर आणखी घोटाळा. लाईट जाते, पाइप रिकामा होतो, लाईट आली की पंप कोरडाच फिरतो आणि सील जळते. दहा-वीस रुपयांचा वायसर वाचवायचा आणि मोटर वाइंडिंगला न्यायची, म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा.

पण आम्ही आज लेखणी उचलली ती पैशासाठी नव्हे. अनेक सभासदांनी उसाला ठिबक केले, व्हेंचुरीतून खते सोडू लागले. हे चांगलेच झाले. मात्र १०० मिलिमीटर व्यासाच्या ३०० मीटर लाईनमध्ये सुमारे २,३५० लिटर पाणी मावते. खत सुटत असताना लाईट गेली आणि दोन्ही झडपा गळक्या असल्या, तर उंचावरचे हे पाणी युरियासह, ठिबक धुण्याच्या अ‍ॅसिडसह, विहिरीत परत येते. टाकीतले उरलेले द्रावणही त्याच्या मागोमाग ओढले जाऊ शकते.

त्या विहिरीचे पाणी पितो कोण? वस्तीवरची माणसे पितात, जनावरे पितात. हंगामात काठावर कोप्या घालून राहिलेल्या ऊसतोड टोळीची चिल्लीपिल्लीही तेच पितात. युरियाचे पुढे नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. तान्ह्या मुलांना त्याचा विशेष धोका. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. आपला ऊस तोडायला आलेल्या माणसाच्या लेकराला आपण काय पाजतो, याचा जाब विचारायला ते वार्षिक सभेला येणार नाहीत. म्हणून तो आपण स्वतःलाच विचारायचा आहे.

काम अवघड नाही. मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि खिशात ठेवावेत. लाईनमधले पाणी आधी उतरवावे. पाण्याच्या ३० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३ किलो दाब असतो, त्या दाबाखाली बोल्ट सैल करू नयेत. झाकण काढण्यापूर्वी खडूने खूण करावी. झडप, पिन आणि बैठक धुऊन घ्यावी. बैठकीवर वाळूचा एक खडा किंवा शेवाळाचा थर असला तरी झडप गळते. वायसर कडक झाला, चिरला असेल तर बदलावा. बैठकीलाच खाचा पडल्या असतील तर व्हॉल्व्ह नवा घ्यावा. झडप बोटाने उचलून सोडून पाहावी. न अडकता आपोआप मिटली पाहिजे. नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. अंगावरचा बाण पाण्याच्या वाहण्याच्या दिशेला हवा. उलटा बसला तर पाणी पुढे जाणारच नाही. फुटबॉल बसविण्यापूर्वी उभा धरून वरून पाणी भरावे आणि अर्धा तास पाहावे. पाण्याची पातळी उतरली तर तो पुन्हा उघडावा. त्यासाठी विहिरीत एकट्याने मात्र उतरू नये.

आणि क्रम चुकवू नये: आधी पंप, मग एनआरव्ही, त्यानंतर व्हेंचुरी. व्हेंचुरी अलीकडे जोडली तर झडप कितीही चांगली असो, खताला विहिरीची वाट मोकळीच राहते.

"विहीर सामाईक, मीच का करू?" असे काही जण म्हणतील. पाण्याची पाळी जशी वाटून घेतो, तशी झडपेचीही पाळी लावावी. खर्च हिश्शाप्रमाणे घ्यावा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, एवढे पुरे. नदीकाठच्यांनी तर विशेष जपावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगाकाठचे पंप बुडाले. अशा पुरानंतर गाळ झडपेतही बसतो, तो मोटर वाळवून निघत नाही.

कारखान्यालाही आम्ही मोकळे सोडत नाही. ठिबकाचे फायदे सांगताना शेती विभागाने झडपेचेही सांगितले पाहिजे. गट कार्यालयात एक उघडा व्हॉल्व्ह ठेवून सभासदांना हाताने जोडून दाखवावा, आणि ठिबकाला अर्थसाहाय्य देताना एनआरव्ही बसला आहे का, हे शेतकी मदतनिसाने बांधावर येऊन पाहावे.

सहकार म्हणजे नुसते शेअर आणि साखर नव्हे. येत्या रविवारी पान्हा घेऊन विहिरीवर जावे, आणि शेजारच्या हिस्सेदारालाही हाक मारावी, ही विनंती.