धाराशिवच्या बायकांचं देणं

झरीत कुणाच्या घरी कॅन्सर निघाला की आपण लगेच पैसे गोळा करतो. मुंबईचं भाडं, औषधं, राहण्याची सोय. मोहल्ला मागे राहत नाही. पण रोग उशिरा कळला, तर मदतही उशिराच पोचते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत हे टाळता येतं, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच तयार झाला.

1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांचा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होत्या. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगळ्या तपासण्या, चौथ्यात फक्त नेहमीची आरोग्यसेवा. 2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने 34 महिला दगावल्या. तपासणी नसलेल्या गटात 64.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल नैतिक आक्षेप घेतले गेले. मला ते रास्त वाटतात. म्हणूनच या ज्ञानाचा फायदा अशाच गावांना आधी मिळायला हवा होता.

तसं झालं नाही. 2016 पासून सरकारी धोरणात तिशीपुढच्या महिलांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या 30 ते 49 वयाच्या महिलांपैकी दोन टक्क्यांनीही ती कधी करून घेतलेली नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चाचणी लिहून ठेवली आणि चालवलीच नाही, तर तिचा उपयोग शून्य. इथेही तेच आहे.

म्हणून तरुणांनी तीन कामं हाती घ्यावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी कोणत्या दिवशी होते ते विचारा. होत नसेल तर लेखी मागणी करा. इलाजासाठी जशी वर्गणी काढतो, तशी तपासणीच्या प्रवासासाठी काढा. सदक्याचा हा चांगला उपयोग आहे. आणि घरात बोला. दुखत नाही म्हणून अम्मी, खाला जाणार नाहीत. महिला डॉक्टर किंवा नर्स असेल का, हेही विचारतील. त्याचं उत्तर आधीच काढून ठेवा.

धाराशिवच्या बायकांनी जगाला पुरावा दिला. तो आपल्या गल्लीपर्यंत आणणं आपलं काम आहे.