कॅरॅव्हॅन घ्यावी, पण दोघांनाही पेलेल अशी

मागच्या दिवाळीत लीड्सहून भाच्याचा फोन आला. तो मूळचा बडोद्याचा, म्हणजे आपल्याच मंडळींपैकी; आता तेथे जनरल प्रॅक्टिशनर आहे. "मामा, कॅरॅव्हॅन घ्यायची ठरवलीय. सहा बर्थची पाहिली. आम्ही चौघे, आणि उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा तेही. तुमचं मत काय?" मी म्हटले, "मत देतो, पण ते तुला आवडणार नाही." फोनवर सारे नीट सांगता आले नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले, ते मत येथेच सविस्तर मांडावे. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची मुले, मुली, सुना, जावई आज इंग्लंडात आहेत. हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी निघणारच.

आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटले की नटनट्यांची व्हॅनिटी व्हॅन डोळ्यांपुढे येते. मी म्हणतो ती टूरिंग कॅरॅव्हॅन निराळी. तिला इंजिन नसते. झोपायची सोय, ओटा, फ्रिज, संडास, सारे असलेले ते चाकांवरचे लहानसे घर. आपल्या मोटारीच्या मागे जोडून ओढायचे. मुक्कामावर पोचलो की ते तेथे उभे करावे आणि मोकळी मोटार घेऊन गावभर हिंडावे.

या छंदाचा एक आद्य प्रवर्तक आपल्याच व्यवसायातला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ब्रिटिश नौदलात सर्जन राहिलेल्या डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी खास सहलीसाठी बांधून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. गाडीचे वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. पुढे १९०७ साली स्थापन झालेल्या कॅरॅव्हॅन क्लबशीही त्यांचा निकटचा संबंध होता. मात्र एक गोष्ट विसरू नये. डॉक्टरसाहेबांबरोबर गाडी हाकायला कोचमन होता, आणि पुढचा रस्ता पाहायला तीनचाकी सायकलवर नोकर होता. आपल्याबरोबर यांपैकी कोणी नसते. असतात ती फक्त नवरा-बायको. म्हणून माझे मत एका वाक्यात सांगायचे तर असे: दोघांपैकी कोणीही एकट्याने जोडू शकेल, चालवू शकेल आणि घरी परत आणू शकेल, तीच कॅरॅव्हॅन घ्यावी. बाकीचे सारे निकष यानंतरचे.

हे मत पुस्तकी नाही. त्याची किंमत आम्ही मोजली आहे. २०१४ साली आम्ही दोघांनी हौसेने चार चाकांची, लांबलचक, सहा जण झोपतील अशी गाडी घेतली. मुले येतील, सुना येतील, पुढे नातवंडे येतील, असा हिशेब. भरल्यावर तिचे वजन १,८०० किलो. ती ओढायला तशीच दणकट मोटार घेतली. मुले आली ती एकदा, तीन दिवस. बाकी सर्व वेळ आम्ही दोघेच त्या लांब बोळकांडीत एकमेकांना शोधत होतो.

२०१६ च्या सप्टेंबरात वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरला एका शेतावर मुक्काम होता. अशा शेतांवर क्लबच्या परवान्याने पाचच गाड्या उभ्या राहतात; शांतता अपूर्व. तिसऱ्या रात्री माझ्या पोटात कळ उठली. पित्ताशयाचे निदान मी स्वतःच केले आणि रुग्णवाहिकेतून रुग्णालयात दाखल झालो. उपचार उत्तम झाले. पण घरी सोडताना काही आठवडे जड उचलायचे नाही, मोटार चालवायची नाही, असे बजावण्यात आले. प्रश्न उरला गाडीचा. सौ. स्वतः डॉक्टर, सर्व बाबतींत माझ्यापेक्षा खंबीर. पण ते धूड तिने कधी जोडले नव्हते, चालवले नव्हते. शिवाय तिने ब्रिटनमधला परवाना १९९८ साली काढलेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी १९९७ नंतर परवाना मिळालेल्यांना, मोटार आणि गाडी मिळून कमाल वजन ३,५०० किलोच्या वर गेले की वेगळी परीक्षा द्यावी लागे. आमचे दोन्ही मिळून त्याच्या बरेच वर जाई. ती गाडी हलवणे तिला कायद्यानेच शक्य नव्हते. शेतकरी भला माणूस. त्याने महिनाभर गाडी ठेवून घेतली आणि अखेर भाड्याच्या वाहकाकडून ती आणवली. त्या महिन्यात सौ.ने मला बोल लावला नाही. एवढेच म्हणाली, "घेताना मला कोणी विचारलं होतं, मी ही चालवू शकेन का?" खरोखरच, मी विचारले नव्हते.

तो परीक्षेचा नियम १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द झाला. आता साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी ओढता येते, अर्थात मोटारीची स्वतःची ओढण्याची मर्यादा सांभाळूनच. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून हाताला सवय येत नाही.

आता खरेदीचे. दुकानात गेल्यावर विक्रेता पडदे, गाद्या आणि ओव्हन दाखवील. आपण प्रथम वजनाची पाटी पाहावी. तीवर पूर्ण भरलेल्या गाडीचे कमाल वजन असते. माहितीपत्रकात रिकाम्या, निघायला तयार गाडीचे वजन मिळते. दोहोंतील फरक म्हणजे आपल्याला नेता येणारे सामान. १,४०० वजा १,२५० म्हणजे १५० किलो. ऐकायला पुष्कळ वाटते. पण त्यात सुमारे २० ते २५ किलोची बॅटरी, तितकाच दाराबाहेर लावायचा कापडी मांडव, खुर्च्या, कपडे, भांडी, आणि आपल्या घरचे डाळ-तांदूळ व कुकर धरा. हा हा म्हणता भरते. नवशिक्यांनी भरलेल्या गाडीचे कमाल वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा तेथील जाणत्यांचा सल्ला आहे. मोटार १,५०० किलोची असेल तर गाडी १,२७५ च्या आत. जड सामान खाली आणि चाकांच्या जवळ ठेवावे. मागच्या टोकाला वजन गेले की वेगात गाडी डुलू लागते आणि मोटारीलाही सोबत नेते. ओढताना वेगमर्यादाही निराळी: मोटारवेवर ताशी ६० मैल, साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ५०.

दुसरी गोष्ट झोपण्याची. साठी ओलांडलेल्या जोडप्याने भिंतीला लागून असलेला मोठा पलंग घेऊ नये. आत झोपलेल्याला रात्री दोनदा उठावे लागते, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याला ओलांडावे लागते. प्रोस्टेटचे रुग्ण तपासणाऱ्यांना अधिक सांगणे न लगे. समोरासमोरच्या दोन स्वतंत्र गाद्या आणि टोकाला प्रशस्त न्हाणीघर, ही दोन बर्थची रचना अशा जोडप्याला सर्वांत सुखाची. लहान मुलांच्या कुटुंबाला मात्र मागच्या बाजूला एकावर एक पक्क्या बर्थ असलेली चार जणांची गाडी बरी. मुलांना आठ वाजता झोपवून आई-वडिलांना पुढे बसता येते.

मग आजी-आजोबांचे काय? त्यांना वगळा असे मी म्हणत नाही. पण हिशेब पाहा. गाडी ओढली जात असताना तीत कोणीही बसता कामा नये, असा तेथील कायदा आहे. भाच्याच्या मोटारीत जागा पाच. सहा बर्थ घेऊन सहावा माणूस बसणार कोठे? शिवाय वर्षातील तीन आठवड्यांच्या पाहुण्यांसाठी उरलेले एकोणपन्नास आठवडे चारशे किलो जास्त ओढायचे, जास्त भाड्याची जागा अडवायची, आणि गाडी अवघड वाटते म्हणून अखेर बाहेरच काढायची नाही. आजोबांचे गुडघे आणि आजींची झोप यांना त्या मुक्कामाजवळची भाड्याची खोली अधिक मानवते. दिवसभर सारे एकत्र, रात्री जो तो आपल्या अंथरुणात. माझ्या बहिणीला व मेहुण्यांना यात अपमान वाटणार नाही, हे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे.

जुनी गाडी घेणे शहाणपणाचे, पण ती रुग्णासारखी तपासावी. आधी नाकाने: कुबट वास आला तर ओल आहे. मग हाताने: कोपरे, खिडक्यांखालची भिंत, कपाटाच्या आतली बाजू दाबून पाहावी, मऊ लागली की शंका घ्यावी. पायाने: जमीन दबते का, कुरकुरते का. शेवटी ओल मोजण्याचे यंत्र लावून घ्यावे; १५ टक्क्यांच्या आत ठीक, २० च्या वर गेल्यास दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच वर्षांनंतर टायर बदलणे इष्ट, सातच्या पुढे वापरूच नयेत. खिडकीच्या काचेवर कोरलेला क्रमांक कागदपत्रांशी जुळवावा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू आहे ना, हे पाहावे. बंद गाडीत हा वायू काय करतो, ते या वाचकांना सांगायला नको.

आम्ही ती मोठी गाडी तोट्यात विकली आणि १,२०० किलोची, दोन बर्थची, जुनी गाडी घेतली. तिच्या चाकांना मूव्हर म्हणजे हातातल्या बटणांवर गाडी पुढे-मागे सरकवणारी मोटर बसवली. क्लबच्या शिकवणी वर्गात सौ. स्वतंत्रपणे शिकली, नवऱ्याकडून शिकू नये, हा माझा आणखी एक अनुभवसिद्ध सल्ला. आता कोपऱ्यांचे टेकू, विजेची केबल, गॅस, दिवे, सारे ती माझ्याहून काटेकोर पाहते. तेव्हापासून गाडी दरवर्षी बाहेर पडते.

भाच्याला मी एवढेच करायला सांगितले: आधी एक आठवडा भाड्याने घे, आणि परतीचा प्रवास सूनबाईला करू दे. ईस्टरच्या सुटीत त्यांनी चार बर्थची गाडी नेली. लेक डिस्ट्रिक्टहून ती तिनेच परत आणली. आता कोणती घ्यायची हे तीच ठरवते आहे, असे तो सांगत होता. सहा बर्थचे नाव काही निघाले नाही.