स्थगिती द्या, पण तारीखही द्या

वऱ्हाडात कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा, ‘स्टे आणला’ म्हणजे निम्मी केस जिंकली, असेच तो सांगेल. कायदा मात्र तसे म्हणत नाही. नुसते अपील दाखल केल्याने निकालाची अंमलबजावणी थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ नुसार स्थगितीला सबळ कारण लागते, उशीर न करता यावे लागते आणि तारणही द्यावे लागते. अकोला-अमरावतीकडे सिंचन प्रकल्पांत जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे. वाढीव मोबदल्याच्या निकालाविरुद्ध सरकार नागपूर खंडपीठात गेले, की स्थगिती सहसा रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवर मिळते. थकलेल्या मोबदल्यावर व्याजही लागते. पैशाच्या दाव्यात गेलेल्या वेळेची थोडीफार तरी भरपाई होते. पाच वर्षांच्या मुदतीच्या पदाचे तसे नाही. ती वर्षे गेली की गेली.

अमरावतीने हे जवळून पाहिले आहे. हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. २०१९ मध्ये आनंदराव अडसूळ यांचा पराभव करून नवनीत राणा अपक्ष म्हणून निवडून आल्या. ८ जून २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे जातप्रमाणपत्र रद्द केले, दोन लाखांचा दंड केला आणि प्रमाणपत्र सहा आठवड्यांत जमा करण्यास सांगितले. दोन आठवड्यांतच, २२ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. अंतिम निकाल आला ४ एप्रिल २०२४ ला, म्हणजे पावणेतीन वर्षांनी. तोवर पुढच्या निवडणुकीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. निकाल राणांच्या बाजूने लागला: प्रमाणपत्र वैध ठरवणाऱ्या जात पडताळणी समितीच्या निर्णयात उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नको होता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

मग स्थगिती योग्यच ठरली, तक्रार कसली, असे कुणी म्हणेल. स्थगिती योग्यच होती. ती नसती, तर पुढे रद्द ठरलेल्या निकालापायी खासदारकी गेली असती आणि ती परत करता आली नसती. पण हाच निकाल उलटा लागला असता तर? राखीव जागेवर अपात्र व्यक्तीने जवळजवळ पूर्ण मुदत काढली, असे तेव्हा म्हणावे लागले असते आणि त्यावर कुणाकडेच इलाज उरला नसता. शिवाय जिंकलेल्या खासदारालाही संशयाचे ओझे घेऊनच ती वर्षे काढावी लागली, हेही विसरता येत नाही. जातवैधतेवरून पद अडलेल्या राखीव जागेवरच्या सरपंचाचे आणि त्याच्या गावाचे गणित यापेक्षा वेगळे नाही. फक्त त्याची बातमी होत नाही.

यावर उपाय म्हणून स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठवावी, असे सुचवले जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा दंडक घातलाही होता. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मोडीत काढला. ते बरेच झाले. सुनावणी कोर्टाने लांबवायची आणि भुर्दंड पक्षकाराने भरायचा, हा कसला न्याय? त्याऐवजी अशा प्रकरणांची सुनावणीच लवकर घ्यावी म्हटले, तर एक बोचरा आक्षेप येतो: साध्या माणसाची अपिले वर्षानुवर्षे पडून असताना पुढाऱ्यांना रांगेत पुढे का घ्यायचे? कारण ती खुर्ची पुढाऱ्याची नसते, मतदारांची असते. म्हणूनच लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८६(७) निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे सांगते. ते पाळले जात नाही, हा भाग वेगळा.

अटींसह स्थगितीचीही आपल्याकडे परंपरा आहे. २४ जून १९७५ रोजी न्या. कृष्णा अय्यर यांनी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींना, त्यांची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालावर, स्थगिती देताना लोकसभेत मतदानाचा हक्क आणि खासदारकीचे वेतन रोखले होते. मुदतीच्या पदांच्या प्रकरणांत न्यायालयांनी तेवढे कडक व्हावे असे नाही. पण स्थगितीच्या त्याच आदेशात अंतिम सुनावणीची, सहा महिन्यांच्या आतली, तारीख लिहावी आणि ती पाळावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.