काम चालू, रस्ता बंद!

गुरुवारी नाक वाहायला लागतं. शुक्रवारी अंग मोडून येतं. आणि सोमवारी प्रेझेण्टेशन! मग काय, स्टेशनबाहेरच्या केमिस्टला सांगायचं, ‘काहीतरी स्ट्राँग द्या, दोन दिवसांत उभं राहायचंय.’ तो ॲण्टिबायोटिकची स्ट्रिप पुढे करतो. बुधवारपर्यंत तुम्ही एकदम टकाटक. वा, काय गोळी आहे!

एक मिनिट. काम सगळ्या टीमने करायचं आणि अप्रेझलला क्रेडिट भलत्यानेच उपटायचं, हा प्रकार ऑफिसात पाहिलाय ना? इथेही तेच झालंय. सर्दी व्हायरसमुळे होते आणि ॲण्टिबायोटिक व्हायरसचं काहीच वाकडं करू शकत नाही. त्या सहा दिवसांत खरी धावपळ केली ती तुमच्या इम्यून सिस्टिमने. ती नेमकं काय करते, ते बघा तर खरं.

पहिली शिफ्ट : आधी अलार्म

व्हायरस नाकातल्या पेशीत घुसतो आणि स्वतःच्या कॉप्या काढायला लागतो. आपल्या पेशींमध्ये काही सेन्सर असतात. हा कुठला व्हायरस, नाव काय, गाव काय, त्यांना पत्ता नसतो. एवढंच कळतं, की हा माल आपल्याकडचा नाही. असे सेन्सर कसे चालतात हे उलगडणाऱ्या ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११चं नोबेल मिळालं.

सेन्सर वाजला की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते. शेजारच्या पेशींना निरोप जातो, ‘दारं लावून घ्या!’ रक्तातून पांढऱ्या पेशी धावत येतात आणि तावडीत सापडेल तो परका गिळत सुटतात. या धुमश्चक्रीत नाक चोंदतं, घसा सुजतो, अंग तापतं.

गंमत अशी, की साध्या सर्दीचा व्हायरस नाका-घशापुरताच असतो. मग पाठ आणि पिंढऱ्या का दुखतात? कारण ते दुखणं आपल्याच अलार्मचं असतं. पुरावा हवाय? हेपेटायटिस सीच्या पेशंटना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. ती घेतली की थंडी, ताप, अंगदुखी... अगदी फ्लू झाल्यासारखं! फ्लूचा व्हायरस मात्र अंगात नसायचा. थोडक्यात काय, तर ताप म्हणजे शरीराने लावलेली पाटी : काम चालू, रस्ता बंद.

दुसरी शिफ्ट : छत्तीस गुण जुळवा

गिळंकृत करून सगळे व्हायरस संपत नाहीत. नेमका हाच व्हायरस ओळखणारं कुणीतरी लागतं. म्हणून डेण्ड्रायटिक पेशी व्हायरसचा एक तुकडा उचलतात आणि गळ्यातल्या लिम्फ नोड्सकडे जातात. तिथे टी आणि बी पेशींची रांग. प्रत्येकीची आवड वेगळी आणि तीही एकच! कोट्यवधी पेशींमधून त्या तुकड्याशी छत्तीस गुण जुळणारी पेशी शोधायची. घशाखाली हाताला गाठ लागते ना, तिथेच हा स्थळं बघण्याचा कार्यक्रम चाललेला असतो.

आपल्याकडे जीन्स जेमतेम २० हजार, मग इतक्या तऱ्हा येतात कुठून? जीन्सचे तुकडे कट-पेस्ट करून! हे दाखवणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना १९८७चं नोबेल मिळालं. जुळलेली पेशी मग एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जाते. पुरेशी फौज तयार व्हायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. तेवढा वेळ द्यावाच लागतो, बॉस!

फौज निघाली की किलर टी पेशी घरोघरी तपासणी करतात. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय बनतंय, त्याचे नमुने दारात मांडून ठेवते. नमुना परका दिसला, की किलर पेशी तिला भोक पाडून आत्महत्येचा आदेश सोडते. बाहेर मोकाट फिरणाऱ्या व्हायरसना ॲण्टिबॉडीज चिकटतात. काही पेशी पुढच्या वेळेसाठी आठवण म्हणून मागे राहतात. तरी पुन्हा सर्दी होतेच, कारण एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत.

तुम्ही गोळी सुरू केली, तेव्हा फौजेची तयारी चालूच होती. गोळीने फक्त पोटातले भले बॅक्टेरिया मारले आणि उरलेल्यांना चिवट व्हायला शिकवलं. उद्या खरंच बॅक्टेरियाचा न्यूमोनिया झाला आणि हीच गोळी फुकट गेली, तर? स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली, की समजा, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

बूस्टर नको, झोप हवी

‘मग इम्युनिटी बूस्टर घेऊ?’ राव, या सिस्टिमला ॲक्सिलरेटरइतकाच ब्रेकही लागतो. ब्रेक लावणाऱ्या टी पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५चं नोबेल मिळालं. कोविडच्या काळात, जून २०२०मध्ये, ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारं डेक्सामेथासोन हे इम्यून सिस्टिमला आवरणारं औषध होतं. भडकवणारं नव्हे.

खरी मदत फुकट मिळते. २००९मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५३ जणांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब सोडले होते. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. म्हणजे रात्री दोनपर्यंत सिरीज बघून सकाळी काढा प्यायचा, हा सौदा काही फायद्याचा नाही.

अर्थात, प्रत्येक ताप सर्दीचा नसतो. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो दबा धरून असतात. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, अंगावर पुरळ आलं किंवा फारच गळून गेल्यासारखं वाटलं, तर सरळ डॉक्टर गाठा. तपासून त्यांनी ॲण्टिबायोटिक दिलं, तर सांगतील तितके दिवस घ्या.

बाकी साध्या सर्दी-तापाला गरम पाणी, मऊ भात, पांघरूण आणि एक सुट्टी पुरते. ऑफिसला गेलात, तर एसीत बसलेल्या दहा जणांना प्रसाद वाटाल. त्यापेक्षा बॉसला मेल टाका. सब्जेक्ट लाइन तयारच आहे : काम चालू, रस्ता बंद!