विश्लेषण : ड्रॅग रेसचे इंधन तपासणीत ‘नापास’ का होते?

देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आणि ‘आपल्या टाकीत नेमके काय आहे?’ हा प्रश्न घराघरात विचारला जाऊ लागला. ड्रॅग रेसच्या जगात मात्र हा प्रश्न कित्येक दशकांपासून विचारला जातो. तिथे चुकीच्या उत्तराची किंमतही मोठी असते : जिंकलेली शर्यत हातची जाते. हे इंधन निवडायचे कसे, सांभाळायचे कसे आणि तपासणीत नेमके काय पाहिले जाते, याचा हा आढावा.

इंधनाची तपासणी कशासाठी?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन वाहनांची थेट झुंज. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावरही ठरू शकतो. अशा खेळात इंधन बदलले की शर्यतच बदलते.

अमेरिकेत या खेळाची सूत्रे प्रामुख्याने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ म्हणजे एनएचआरएकडे आहेत. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ही संस्था स्थापन केली. १९५७ मध्ये संस्थेने नायट्रोमिथेनसारख्या इंधनांवर बंदी घातली होती. ती १९६०च्या दशकात उठली. आज ‘टॉप फ्युएल’ या सर्वांत वेगवान गटात ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन चालते. दुसरीकडे ‘प्रो स्टॉक’सारख्या गटांत पेट्रोलच वापरावे लागते. थोडक्यात, कोणते इंधन चांगले याला एकच उत्तर नाही. आपल्या गटाला जे मान्य, तेच योग्य.

पेट्रोलच्या गटांत फसवणुकीचा मोह मोठा असतो. इंजिनात जास्त इंधन जाळायचे तर जास्त ऑक्सिजन लागतो. काही रसायने हा ऑक्सिजन स्वतःसोबतच घेऊन येतात. असे रसायन गुपचूप मिसळले, तर बाहेरून काहीही न दिसता ताकद वाढते. तपासणी असते ती यासाठी.

मापक नेमके काय मोजतो?

अनेकांचा समज असतो की तपासणीत इंधनाचा ऑक्टेन किंवा त्याची ताकद मोजली जाते. शर्यतीच्या जागी तसे होत नाही. तिथले मुख्य साधन असते ‘डायइलेक्ट्रिक’ मापक. एखादा पदार्थ विद्युत क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो, हे तो सांगतो.

शुद्ध पेट्रोलचा हा अंक साधारण २ असतो. इथेनॉलचा २४च्या आसपास, मिथेनॉलचा ३३च्या आसपास, नायट्रोमिथेनचा त्याहूनही जास्त आणि पाण्याचा सुमारे ८०. त्यामुळे पेट्रोलमध्ये यातले काहीही थोडेसे मिसळले तरी आकडा हलतो. मापक आधी सायक्लोहेक्झेन या प्रमाण द्रवावर शून्य केला जातो आणि मग नमुन्याचा आकडा पाहिला जातो. जोडीला रासायनिक चाचण्याही होतात. एनएचआरए मान्यताप्राप्त इंधनांची यादीही ठेवते. नमुना त्या इंधनाशी जुळला पाहिजे.

म्हणजे मापक ताकद मोजत नाही, ओळख पटवतो. आणि त्याला हेतू कळत नाही. मुद्दाम मिसळलेले रसायन आणि ओल्या कॅनमधून चुकून आलेले पाणी, दोन्हींमुळे आकडा वरच जातो. म्हणूनच प्रामाणिक स्पर्धकाची खरी परीक्षा शर्यतीच्या आधी, गॅरेजमध्ये होते.

ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त?

नाही. ऑक्टेन म्हणजे इंधनाची वेळेआधी न पेटण्याची क्षमता. इंजिनाचा दाब (कॉम्प्रेशन) जास्त असेल किंवा टर्बो बसवला असेल, तर जास्त ऑक्टेन लागतो, नाहीतर इंजिन ‘नॉक’ करते आणि पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचते. साध्या इंजिनात महागडे इंधन ओतून वेळ सुधारेलच असे नाही.

आकडे वाचतानाही गफलत होते. भारतात पंपावर ‘रॉन’ हा अंक दिसतो. अमेरिकेत रॉन आणि ‘मॉन’ या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथले ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१. परदेशी व्हिडिओ पाहून इंधन निवडणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

काही रेसिंग इंधनांत अजूनही शिसे असते. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद आहे, शर्यतीला मात्र सूट आहे. अशा इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर निकामी होतात. शिसे विषारी आहे, त्यामुळे हातमोजे हवेतच.

चांगले इंधन घरातच कसे बिघडते?

पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात. झाकण सैल राहिले, कॅन अर्धा रिकामा असला किंवा तो उन्हात राहिला, तर आत उरलेले इंधन विकत घेतलेल्या इंधनासारखे राहत नाही. गाडी नीट पेट घेत नाही आणि मोजमापही सरकू शकते. शिसेयुक्त इंधनाला सूर्यप्रकाशही बाधतो, म्हणून पारदर्शक कॅन टाळतात.

दुसरा शत्रू पाणी. इथेनॉल आणि मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर तयार होतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला कॅन किती धोक्याचा, हे यावरून लक्षात येईल.

तिसरा शत्रू सरमिसळ. मिथेनॉलसाठी वापरलेले नरसाळे पेट्रोलला लावणे, जुन्या इंधनावर नवे ओतणे, पंपावरचे पेट्रोल संपवायच्या आधीच रेसिंग इंधन भरणे, या साध्या चुका आहेत. उपायही साधे : प्रत्येक इंधनाला वेगळा, नाव आणि तारीख लिहिलेला डबा. शर्यतीआधी टाकी, नळ्या आणि फिल्टर पूर्ण रिकामे करणे. आणि सोय असेल तिथे शर्यतीपूर्वीच नमुना तपासून घेणे.

नेताना काय काळजी घ्यावी?

पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश तापमानातही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून कॅन गाडीत ठेवून भरायचा नाही. तो जमिनीवर ठेवायचा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. कॅन काठोकाठ भरायचा नाही, आडवा ठेवायचा नाही आणि माणसे बसतात त्या बंद जागेत न्यायचा नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळपास दिसतच नाही. त्यामुळे आग लागली आहे हेच उशिरा कळते.

भारतात १९३४च्या पेट्रोलियम कायद्याचे कलम ८ महत्त्वाचे आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. पण भांडे घट्ट बुचाचे हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. साध्या प्लास्टिकच्या बाटलीचा या कलमात उल्लेख नाही. वाहनमालकांसाठी वेगळी तरतूद आहे. रेल्वेने पेट्रोल सोबत नेणे हा गुन्हा आहे.

भारतातल्या स्पर्धकांपुढे अडचण काय?

भारतात मोटरस्पोर्टचे नियमन ‘एफएमएससीआय’ ही संस्था करते. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. बहुतेक हौशी स्पर्धकांचा आधार मात्र जवळचा पंपच असतो. तिथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे ठरवणे त्यांच्या हातात नाही. त्यामुळे स्पर्धेची नियमावली आधी वाचणे, इंधन कुठून घ्यायचे हे आयोजकांना विचारणे आणि खरेदीची पावती जपणे, एवढे तरी करायलाच हवे.

आयोजकांवरही जबाबदारी येते. कोणते इंधन चालेल हे स्पष्ट लिहिले आणि ते शर्यतीच्या जागीच सर्वांना एकाच टाकीतून दिले, तर साठवणूक आणि वाहतूक हे दोन्ही धोके बरेच कमी होतात. निकालावरचे वादही कमी होतात. तसे होत नाही तोवर स्पर्धकाच्या हाती उरतो तो स्वच्छ, कोरडा, घट्ट झाकणाचा डबा. महागड्या टर्बोइतकेच त्या डब्याकडेही लक्ष द्यावे लागेल.