शिकायला गेली की फिरायला?

"काय हो, तुमची लेक तिकडे शिकायला गेलीय की फिरायला?"

हा प्रश्न हल्ली आमच्या सिन्नरला बऱ्याचदा कानावर पडतो. भिशीत, हळदी-कुंकवात, भाजीबाजारात, कुठेही. विचारणारी हसत हसत विचारते, त्यामुळे जिला विचारलंय तिलाही हसावं लागतं. पण घरी गेल्यावर ते वाक्य तिच्या मनात सलत राहतं. मग रात्री फोनवर ती लेकीला म्हणते, "अगं, ते फोटो जरा कमी टाक ना. लोक बोलतात."

एके काळी आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता, कारण मुली परदेशी जातच नव्हत्या. आता जातात. एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांच्या, मास्तरांच्या, कांदा पिकवणाऱ्यांच्याही मुली जातात. कुणी इंग्लंडला, कुणी जर्मनीला, कुणी आयर्लंडला. बँकेचं कर्ज असतं, आईचे दागिने मोडलेले असतात, कधी बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो. म्हणून शनिवारी-रविवारी मुलीचा एखाद्या पुलावर, नदीकाठी, लाल बससमोर हसतानाचा फोटो आला, की बघणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. इकडे आई-बाप पै-पै जमवतायत आणि ही बघा!

गंमत म्हणजे याच गल्लीतला मुलगा परदेशातून असाच फोटो पाठवतो, तेव्हा त्याला म्हणतात, "फिरून घे बाबा, परत कधी मिळणार!" त्याने पाहिलं तर तो अनुभव आणि हिने पाहिलं तर ती उधळपट्टी. हे असं का, हे कुणी तरी मला समजावून सांगा.

ही उधळपट्टी असते तरी कशी, ते आधी बघू. मुलगी शुक्रवारी शेवटचं लेक्चर संपवते. रात्री चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरते, कारण बाहेर एक वेळचं जेवण तिच्या दोन दिवसांच्या भाजीच्या पैशांत पडतं. शनिवारी पहाटे सर्वांत स्वस्त बस असते, ती पकडते. इंग्लंडमध्ये १६ ते २५ वर्षांच्या मुलांना एक सवलतीचं कार्ड मिळतं, त्यावर रेल्वेचं बरंचसं तिकीट एक तृतीयांशाने कमी होतं. जर्मनीत २०२३ च्या मे महिन्यात एक मासिक पास सुरू झाला, तेव्हा तो ४९ युरोंना होता. नंतर त्याची किंमत वाढली. पण त्या एका पासावर देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तेवढ्या चालत नाहीत. म्हणजे वेळ जास्त आणि पैसे कमी. आपण एस.टी.ने जातो तसंच की हे!

लंडनला पोहोचल्यावर ब्रिटिश म्युझियम बघायला पैसे पडत नाहीत. तिथलं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमही फुकट. या दुसऱ्या म्युझियमचं आपल्याशी नातं आहे, बरं का. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याला मुक्काम करून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या. १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. ज्या उरल्या, त्या या म्युझियमच्या संग्रहात आहेत. अजिंठा आपल्यापासून किती लांब? पण किती जणींनी बघितलंय? आपली लेक लंडनला जाते, तिथे हा इतिहास तिला कळतो आणि ती फोनवर विचारते, "मम्मी, आपण अजिंठ्याला का नाही गेलो गं कधी?" हे फिरणं झालं की शिकणं?

त्याच लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे त्यांचं स्मारक आहे. आपल्याकडून गेलेली कितीतरी मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी शोधत शोधत तिथे जातात.

यावर कुणी म्हणेल, "बाबासाहेब काय फिरत बसले नव्हते. अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसायचे." खरं आहे. अगदी खरं. अभ्यास आधी, याबद्दल माझं दुमत नाहीच. परीक्षा तोंडावर असताना, वर्ग बुडवून किंवा कर्जाच्या पैशातून कुणी मौजमजा करत असेल, तर तिचे कान आईने जरूर धरावेत. पण ज्या मुलीने आठवडाभर अभ्यास केला, ती एका शनिवारी त्या घरात जाऊन उभी राहिली आणि पोटाला चिमटा घेऊन शिकणं म्हणजे काय, हे तिला तिथे उमगलं, तर सोमवारी ती जास्त नेटाने अभ्यासाला बसणार नाही का?

मुळात परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या पहिल्या बायकांनी काय केलं? पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते राहून गेलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या, तिथे संस्कृत शिकवलंही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. समारंभ उरकून लगेच परतल्या का? नाही. दोन वर्षांहून जास्त काळ त्या अमेरिकेत राहिल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरल्या. शाळा पाहिल्या, बायकांच्या संस्था पाहिल्या, लहान मुलांना खेळातून कसं शिकवतात ते शिकून घेतलं. ठिकठिकाणी व्याख्यानं देऊन पैसा उभा केला. परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रवासावर मराठीत पुस्तकही लिहिलं.

आता मला सांगा, रमाबाईंना तेव्हा कुणी विचारलं असेल का, की शिकायला गेलात की फिरायला? विचारलं असेलच, आपले लोक कसे सोडतील! पण त्यांनी डोळे उघडे ठेवून जे पाहिलं, त्यातून इथल्या किती मुलींना आसरा मिळाला.

आणि आनंदीबाई? ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्यासुद्धा. वय पुरतं बावीसही नव्हतं. त्यांना लेकीसारखं मानणाऱ्या अमेरिकेतल्या कार्पेंटर बाईंकडे त्यांची रक्षा पाठवली गेली आणि पकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत तिला विसावा मिळाला. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून पकिप्सी रेल्वेने साधारण दोन तासांवर. तिकडे शिकणारी एखादी मराठी मुलगी रविवारी गाडीत बसून त्या दगडावर चार फुलं ठेवून आली, तर तिच्या फोटोवर आपण काय लिहिणार? "मजा आहे बाई तुझी"?

आता पैशाचं बोलू, कारण आईच्या पोटातला खरा गोळा तोच असतो. कर्ज खोटं नाही, हप्ता खोटा नाही. पण मुलींनाही त्याची जाणीव असते, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त. इंग्लंडमध्ये पदवीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. मुली दुकानात उभ्या राहतात, हॉटेलात ताटल्या धुतात, थंडीत रात्रीच्या बसने खोलीवर येतात. त्या कमाईतून घरभाडं, किराणा भागवून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेर पडतात. इथे सिन्नरला जिने कधी चहाचा कपसुद्धा विसळला नाही, ती तिथे ताटल्या धुते. तो फोटो मात्र ती टाकत नाही. आपल्याला पुलावरचा हसरा फोटो तेवढा दिसतो.

तिथला हिवाळाही आपल्याला ठाऊक नसतो. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो. इथे ज्या वेळी आपण दुपारचा चहा ठेवतो, त्या वेळी तिकडे अंधार. लहानशी खोली, हीटर जपून वापरायचा, बोलायला कुणी नाही. अशा वेळी चार मैत्रिणींनी मिळून एखादं गाव बघून यावं, समुद्रकिनाऱ्यावर डबा खावा, हसावं, पाय दुखेपर्यंत चालावं. हे औषध आहे हो. एवढ्याशा गोष्टीने मन थाऱ्यावर राहतं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव नको. ती इंग्लंडला एम.एस्सी. करत होती. पहिल्याच सहलीचे फोटो तिने स्टेटसला ठेवले आणि इथे आत्यापासून मामीपर्यंत सगळ्यांनी आईला बोलून घेतलं. आईने लेकीला सांगितलं. लेकीने काय केलं? नातेवाइकांना स्टेटस दिसणारच नाही, असं फोनमध्ये करून ठेवलं. आईच्याच फोनमधून फोटो पुढे जातात, म्हणून हळूहळू आईलाही दाखवेनाशी झाली. नंतर एका शनिवारी ती एकटीच दुसऱ्या गावी गेली. परतीची शेवटची बस चुकली. थंडीच्या दिवसांत ती रात्र तिने बसस्टँडच्या बाकावर बसून काढली. जीव मुठीत धरून. घरी फोन करावा तर कसा? ती गेलीय हेच घरी माहीत नव्हतं. सुखरूप परतली. आईला हे कळलं सहा महिन्यांनी.

मला या गोष्टीची भीती वाटते, फोटोंची वाटत नाही. आपण टोमणा मारतो, म्हणून मुली फिरायच्या थांबत नाहीत. त्या सांगायच्या थांबतात. आणि परक्या देशात आपली मुलगी कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे आईलाच ठाऊक नसणं, यापेक्षा मोठा धोका दुसरा कोणता?

म्हणून आयांना माझं सांगणं आहे. लेक म्हणाली, "मम्मी, शनिवारी बाहेर चाललेय," की "किती खर्च?" हा पहिला प्रश्न करू नका. कुठे चाललीस, सोबत कोण, परतीची गाडी किती वाजता, ती चुकली तर काय करशील, हे विचारा. पोहोचल्यावर एक मेसेज कर म्हणावं. आणि रविवारी रात्री निवांत फोन करून विचारा, "काय पाहिलंस? सांग मला." ती सांगेल. तास-तासभर सांगेल. नातेवाइकांनी काही विचारलं तर मान वर करून सांगा, "हो, गेली होती. मला सांगून गेली होती."

पण मला वाटतं, हा प्रश्न आपल्या जिभेवर येतो त्याचं मूळ दुसरीकडेच आहे. आपण बायका उगाच म्हणून कधी घराबाहेर पडलोच नाही. बाईला बाहेर पडायला कारण लागतं. लग्न, बारसं, बाळंतपण, दहावं, नाही तर देवदर्शन. शिर्डी, वणी, त्र्यंबक, पंढरपूर. निवृत्तिनाथांची पालखी आपल्या तालुक्यातूनच जाते. तिच्यात चालणाऱ्या बायकांचे चेहरे बघा कधी. भक्ती तर असतेच, पण चार दिवस मोकळ्या वाऱ्यात चालण्याचं सुखही असतं. फक्त ते देवाच्या नावाखाली असतं, म्हणून कुणी बोट ठेवत नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला शिकायला गेल्या. परत आल्यावर पुढे त्या पंढरीच्या वारीतही चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. त्यांना बर्लिनही बघायचं होतं आणि वारीही. नुसतं बघायचं, समजून घ्यायचं, हेही कारणच आहे की.

त्यासाठी परदेशी जायला नको. आपल्या गावातलं गोंदेश्वर घ्या. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचं, यादवांच्या काळातलं मंदिर. मधे महादेव, समोर नंदी, चार कोपऱ्यांवर चार छोटी देवळं. लांबून लोक येतात, फोटो काढतात. आपण महाशिवरात्रीला रांगेतून जाऊन बेल वाहून येतो. भिंतीवरची शिल्पं थांबून कधी पाहिलीत? माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. आपल्या काळ्या खडकाच्या पोटात तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक तिथे मांडलेत. विहीर खणताना, खाणीत हे निघतात आणि आपण त्यांना नुसते दगड म्हणतो. असेच दख्खनचे स्फटिक जगभरच्या म्युझियममध्ये काचेआड ठेवलेले आहेत.

एस.टी.त बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी देवदर्शन नाही, लग्न नाही, तरी चौघी जणी मिळून निघा. गोंदेश्वर बघा, गारगोटी बघा, नाशिकला पांडवलेणी चढा. डबा न्या. फोटो काढा आणि परदेशातल्या लेकीला पाठवा. ती बहुतेक विचारेल, "मम्मी, आज काय विशेष?" तिला सांगा, "काही नाही गं, सहज बघायला आलो." हे तुम्हाला एकदा सहज म्हणता आलं, की भिशीत दुसरीच्या लेकीबद्दलही तो प्रश्न तुमच्या तोंडून येणार नाही.