टोमॅटो, पाचट आणि एकरी 6,800 रुपये

मंडळी, भाजी महागली की टीव्हीवर दिसते, भाजी सडली की दिसत नाही. जुलै 2023 आठवतोय ना? आमच्या नारायणगावच्या बाजारात 20 किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. तालुक्यातला एक शेतकरी करोडपती झाला म्हणून कॅमेरे आले. दोनच महिन्यांनी नाशिककडे लोक तेच टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, तेव्हा एवढे कॅमेरे नव्हते. असो. आजचं दुखणं भावाचं नाही, हवामानाचं आहे.

मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मार्चमध्ये, 20 गुंठे उन्हाळी टोमॅटो लावला. हवामान बदलतंय, पद्धत बदला, असं शिबिरात ऐकून ऐकून कान किटले होते. म्हटलं, बदलून बघू. 15 गुंठ्यांवर नेहमीचा मल्चिंग पेपर टाकला आणि पाच गुंठ्यांवर शेजारच्या तुटलेल्या उसाचं पाचट, चार बोटं जाडीचा थर. शेजारी ते पेटवणारच होता, काडेपेटी हातात असताना थांबवला त्याला. एकरभर उसातून तीन-चार टन पाचट निघतं आणि आमच्याकडे त्यातलं बरंचसं एका संध्याकाळी धूर होऊन जातं.

एप्रिलच्या उन्हात फरक दिसला. पाचटाखाली हात घातला की माती गार लागायची. ड्रीप एक दिवसाआड सोडलं तरी चालत होतं. दुपारी पेपरवरची झाडं माना टाकायची, पाचटावरची कमी. फुलगळ मात्र दोन्हीकडे झाली. दिवसा पारा 35 च्या वर गेला आणि रात्रही गार झाली नाही की टोमॅटोचे परागकण वांझ होतात, फळ धरत नाही. तिथे पाचट काय करणार?

मग मे आला. पाऊस जूनमध्ये येतो, या हिशेबाने आमची लागवड बसवलेली असते. त्या वर्षी मेच्या मध्यापासूनच धरला आणि 26 मेला मान्सून पुण्या-मुंबईत दाखल, पंधरवडाभर आधी. तीन तोडे झाले होते. मग पाणी हटेना. फळांना तडे गेले, करपा आला, मांडवावरची झाडं तारेवर कपडे वाळत घातल्यासारखी लोंबायला लागली. पाचटाच्या बाजूला तर गोगलगायींची जत्रा भरली. रात्री बॅटरी घेऊन बायको आणि मी बादलीत वेचायचो. पेपरवर निदान पानांवर चिखल उडत नाही, पाचट ओलं राहतं. हे सांगतो, कारण पाचट टाका आणि निर्धास्त व्हा अशा रील फिरतात. तसं काही नसतं. अतिपावसात दोन्ही बाजू गेल्या.

पंचनाम्याला भाऊसाहेब आले, माणूस बरा होता. पण नियम काय? नुकसान 33 टक्क्यांच्या वर हवं आणि बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये. गुणाकार करा: एकरी 6,800, माझ्या 20 गुंठ्यांना 3,400. रोपं, बांबू, तार, सुतळी, खत, औषधं, मजुरी धरून एकरी दीड लाखाच्या आत टोमॅटो उभा राहत नाही. ज्वारी आणि टोमॅटो सरकारच्या लेखी एकच, दोन्ही 'बागायत'.

विम्याचं विचाराल तर खरिपाच्या 14 पिकांच्या यादीत भाजीपाला म्हणून कांदा एकटाच. टोमॅटो, मिरची, वांगी, फ्लॉवर, कोथिंबीर, सगळे बाहेर. एक रुपयात विमा मिळत होता तेव्हाही बाहेरच. भाजीचं क्षेत्र दर हंगामाला बदलतं, मोजायचं कसं, असं कारण सांगतात. अहो, ई-पीक पाहणीत आम्ही दर हंगामाला फोटो काढून नोंद करतोच की! आणि द्राक्ष-डाळिंबाला हवामानावर आधारित विमा आहे: मंडळातल्या केंद्रावर पाऊस किंवा तापमान ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेलं की भरपाई. तीच केंद्रं, तोच पाऊस. टोमॅटोवर तो वेगळा पडतो का?

आता जरा टोचणारी गोष्ट. प्लास्टिक मल्चिंगला निम्मं अनुदान आहे, दोन हेक्टरपर्यंत. बिल लावा, पैसे घ्या. पाचट अंथरायला दोन बायकांची तीन दिवसांची मजुरी गेली, त्याचं बिल कुठे लावू? जे दुकानात विकत मिळतं त्याला अनुदान, जे बांधावर पडलंय त्याला नाही. हंगाम संपल्यावर पेपरचं काय होतं हे गावात सगळ्यांना माहितीय. 25 मायक्रॉनचा पेपर गोळा करताना फाटतो, अर्धा मातीत राहतो, उरलेला बांधावर पेटतो. मीही पेटवला, खोटं कशाला बोलू. पाचट मात्र दिवाळीपर्यंत कुजून मातीत गेलं, त्या पाच गुंठ्यांत आता गांडुळं दिसतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पेपरला हेक्टरी जेवढी रक्कम देता तेवढीच सेंद्रिय आच्छादनाच्या मजुरीला द्या, आणि पहिली दोन वर्षं प्रयोग फसला तर त्यातला वाटा उचला. पाच गुंठ्यांचा प्रयोग माझ्यासारखा करेल, घरात दुसरा पगार आहे म्हणून. ज्याची सोसायटी थकलीय तो कशाला करेल? त्याला 'हवामान-अनुकूल शेती'चं पत्रक देऊन काय उपयोग?

शहरातल्या मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो, राग मानू नका. मे-जूनमध्ये टोमॅटो हा जुगार झालाय. त्या दिवसांत आमटीत चिंच, आमसूल, कैरी घातली तर चव बिघडत नाही, आपल्या आज्या तेच करायच्या. तुम्ही बाराही महिने एकच भाजी मागता म्हणून आम्ही बाराही महिने तीच लावतो आणि विषाणूलाही वर्षभर घर मिळतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी दहा गुंठेच टोमॅटो लावणार. कडेने मक्याच्या दोन ओळी पांढऱ्या माशीला आडोसा म्हणून, मधे झेंडू, बाकीच्या दहात गवार आणि भेंडी. सगळं पाचटावर. कुणी पाचटावर टोमॅटो घेतला असेल तर वाफ्याचे फोटो कमेंटमध्ये टाका. आणि गोगलगायींचं काय केलंत, तेही लिहा. बादली घेऊन फिरायचं वय राहिलं नाही आता.